लाल ट्रॅक्टर तोच, मग अमेरिकेतला वेगळा कसा? एचपीचा आकडा देशोदेशी का बदलतो

नागपूर : मोबाईलवर असे व्हिडिओ आता रोज येतात. अमेरिकेतला कुणी शेतकरी, लाल महिंद्रा ट्रॅक्टर, काचेची बंद केबिन, आत एसी, समोर माती उचलणारा लोडर. गिअर बदलायची भानगड नाही, एक पेडल दाबलं की पुढे, दुसरं दाबलं की मागे. व्हिडिओ गावच्या ग्रुपवर पडला की खालचं बोलणंही ठरलेलं असतं. ट्रॅक्टर बनतो आपल्या हिंगण्यात, चांगला माल जातो बाहेर आणि आपल्या वाट्याला येतं उरलंसुरलं.

यात थोडं खरं आहे, बरंचसं नाही. पण खरं कोणतं आणि खोटं कोणतं हे कळलं नाही तर नुकसान शेतकऱ्याचंच आहे. दसरा-दिवाळीला किंवा अक्षय तृतीयेला शोरूममध्ये जाऊन लाखोंचं कर्ज ज्या आकड्यावर उचललं जातं, तो आकडा पुष्कळदा दुसऱ्या देशातल्या, दुसऱ्याच मॉडेलचा असतो. आणि एक गोष्ट अशी आहे की तिथे पैशांचा नाही, जिवाचा प्रश्न आहे. ती पुढे येईलच.

त्या व्हिडिओतला ट्रॅक्टर हिंगण्याचा आहे का?

हिंगणा एमआयडीसीतला महिंद्राचा कारखाना नागपूरकरांना नव्याने सांगायला नको. याच कंपनीचे ट्रॅक्टर मुंबईत कांदिवलीला, उत्तराखंडात रुद्रपूरला, राजस्थानात जयपूरला आणि तेलंगणात झहीराबादलाही बनतात. पण या ट्रॅक्टरचं मूळच परदेशी आहे. १९६३ मध्ये महिंद्रा, व्होल्टास आणि अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर या तिघांनी मिळून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया काढली. त्यांचं पहिलं मॉडेल बी-२७५. हे मॉडेल तेव्हा इंग्लंडमध्ये ब्रॅडफर्डच्या कारखान्यात बनत होतं, तेच इथे बनू लागलं. जुन्या मिस्त्री लोकांच्या तोंडी बी-२७५ हे नाव अजून ऐकायला मिळतं.

पुढे उलटा प्रवास झाला. १९९४ मध्ये महिंद्राने अमेरिकेत आपली कंपनी उघडली. तिथे मोठा शेतकरी शे-दीडशे एचपीच्या वरचे ट्रॅक्टर वापरतो. महिंद्राचा गिऱ्हाईक वेगळा. दहा-वीस एकरवाला, घोडे पाळणारा, गवत कापणारा, बर्फ ढकलणारा. त्याला लहान, आटोपशीर, पेडलवर चालणारा ट्रॅक्टर हवा असतो. असे बरेच ट्रॅक्टर महिंद्राने कोरिया आणि जपानच्या कारखान्यांकडून बनवून घेतले आणि त्यावर आपला रंग आणि नाव चढवलं. म्हणजे व्हिडिओतला तो लाल ट्रॅक्टर हिंगण्याचा असेलच असं नाही, बहुतेकदा नसतोच. आपल्या शोरूममधल्या ट्रॅक्टरशी त्याचं नातं नावापुरतं आणि रंगापुरतं.

उलट उदाहरणंही आहेत. महिंद्राची ओजा ही हलक्या ट्रॅक्टरची मालिका जपानच्या मित्सुबिशी महिंद्रा कंपनीसोबत तयार झाली, १५ ऑगस्ट २०२३ ला दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनला जाहीर झाली, आणि बनते झहीराबादला. पंजाबात होशियारपूरला बनणारा सोनालिका युरोपात सोलिस नावाने विकला जातो. पुण्याजवळच्या सणसवाडीत बनलेले जॉन डीअरचे ट्रॅक्टरही अमेरिकेला जातात. तेव्हा नाव एक आणि कारखाने चार, किंवा कारखाना एक आणि नावं दोन, असं सर्रास चालतं. बोनेटवरच्या नावावरून आतल्या मालाचा अंदाज बांधू नये.

पन्नासची रेघ आणि पंचवीसची रेघ

आता एक गंमत बघा. शोरूममध्ये मोठ्या ट्रॅक्टरची पत्रकं चाळली तर ४९, ४९.३, ४९.९ एचपी असे आकडे वारंवार दिसतील. सरळ ५० का नाही? इंजिन पन्नासला पोहोचत नाही म्हणून नव्हे. कायदा तिथे आडवा येतो म्हणून.

ट्रॅक्टरच्या धुरावर आपल्याकडे वेगळे नियम आहेत, त्यांना ट्रेम म्हणतात. ट्रेम ३-ए हा टप्पा २०१०-११ मध्ये आला. त्यानंतरचा ट्रेम ४ हा टप्पा १ जानेवारी २०२३ पासून लागू झाला, पण तो फक्त ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरना. कायद्यात ही रेघ किलोवॅटमध्ये आखलेली आहे, ३७ किलोवॅट, म्हणजे आपल्या हिशेबात ४९.६ एचपी. या रेघेच्या खाली राहिलं की साधा डिझेल पंप चालतो. वर गेलं की धूर कमी करायला बहुतेक कंपन्यांना कॉमन रेल, सेन्सर, कॉम्प्युटर आणि सायलेन्सरमध्ये जास्तीची यंत्रणा बसवावी लागते. खर्च वाढतो, किंमत चढते. म्हणून कंपन्या रेघेच्या अलीकडे एक पाऊल ठेवून उभ्या राहतात.

अमेरिकेत हीच रेघ २५ एचपीच्या आसपास आहे. तिथे २०१३ पासून २५ च्या वरच्या इंजिनांना काजळीचा नियम इतका कडक झाला की त्यांना काजळी पकडणारी गाळणी किंवा तशी यंत्रणा लागते. गाळणी भरली की इंजिन तापवून ती काजळी जाळावी लागते, तोवर काम खोळंबतं. मग तिथल्या कंपन्या काय करतात? २४ एचपी, २४.७ एचपी. आपल्याकडे जे ४९ ला होतं ते तिकडे २४ ला.

हे समजलं की तुलना कशी फसते ते लक्षात येतं. अमेरिकेत विकला जाणारा ४५ एचपीचा ट्रॅक्टर धुराच्या बाबतीत आपल्या ४५ एचपीपेक्षा कितीतरी स्वच्छ आहे. पण तो नाजूकही आहे. बिघडला तर लॅपटॉप लावल्याशिवाय उघडत नाही, आणि हा लॅपटॉप कंपनीच्याच माणसाकडे असतो. तिथले शेतकरी यावर इतके चिडले की कोलोरॅडो राज्याने २०२३ मध्ये शेतीयंत्रं स्वतः दुरुस्त करण्याचा हक्क देणारा कायदाच केला. आपल्याकडचा ट्रेम ३-ए वाला ट्रॅक्टर भिवापूरच्या बाजारपेठेतला मिस्त्री पाना-हातोड्यावर उघडतो. हा काही कमी दर्जा नव्हे. धूर जास्त, दुरुस्ती सोपी, असा हा सौदा आहे.

ज्यांनी ५० च्या वरचा नवा कॉमन रेल ट्रॅक्टर घेतला आहे त्यांनी एक ध्यानात ठेवावं. या इंजिनाचे इंजेक्टर फार बारीक असतात. पावसाळ्यात उघड्या ड्रममध्ये साठवलेलं, पाणी उतरलेलं डिझेल जुन्या ट्रॅक्टरने पचवलं, हा पचवणार नाही.

४५ एचपी म्हणजे नेमके कुठले?

एचपी हा आकडा कुठे मोजला त्यावर सगळं अवलंबून आहे. बोनेटवर किंवा पत्रकात जो मोठ्या अक्षरात छापतात तो इंजिनाचा. इंजिनातून ताकद गिअरबॉक्समधून मागच्या पीटीओ शाफ्टपर्यंत येते तोवर १० ते १५ टक्के वाटेत जाते. म्हणून ४५ एचपीच्या ट्रॅक्टरला पीटीओवर ४० च्या आसपास मिळतात. रोटावेटर, थ्रेशर, ब्लोअर याच ताकदीवर चालतात. नांगर मात्र हुकावर ओढला जातो, आणि तिथे येईपर्यंत चाकं घसरण्यात आणखी ताकद जाते. पक्क्या रस्त्यावर कमी जाते, पावसाने ओल्या झालेल्या काळ्या वावरात जास्त.

पेडलवर चालणारे अमेरिकी ट्रॅक्टर तेलाच्या दाबावर चालतात. पंप तेल ढकलतो, तेल मोटर फिरवतं, मोटर चाकं. वापरायला सोपं, पण तेल गरम करण्यात ताकद खर्च होते. म्हणून तेवढ्याच एचपीच्या गिअरवाल्या ट्रॅक्टरपेक्षा त्याला पीटीओवर कमी मिळतं. गवत कापायला आणि लोडरने शेणखत उचलायला ते उत्तम. दिवसभर खोल नांगरटीला आपला आठ पुढचे, दोन मागचे गिअरवालाच बरा.

एककातही घोळ आहे. युरोप-जपानकडे पीएस नावाचा एचपी चालतो, अमेरिकेत दुसरा. पीएस म्हणजे ७३५.५ वॅट, अमेरिकी एचपी म्हणजे ७४५.७ वॅट. फरक सुमारे १.४ टक्क्यांचा, पण ५० पीएस म्हणजे ४९.३ एचपी होतात. आपल्याकडच्या पत्रकांत कधी हा, कधी तो. लिफ्टच्या वजनाचंही तसंच. आपल्याकडे बहुधा खालच्या दोन हातांच्या टोकाला किती किलो उचलतो ते छापतात, अमेरिकेत टोकापासून २४ इंच मागे किती उचलतो ते. मागे गेलं की आकडा कमी होणारच. पलटी नांगराचं वजन काही टोकावर नसतं, मागेच असतं. त्या हिशेबाने अमेरिकेचा आकडा लहान असला तरी शेतकऱ्याच्या जास्त कामाचा.

आणि ऊन. मे महिन्यात नागपूर ४५ अंशांच्या वर जातं आणि नांगरटीचा हंगाम नेमका तोच असतो. गरम हवा विरळ असते, त्यात प्राणवायू कमी, म्हणून इंजिन तेवढंच डिझेल नीट जाळू शकत नाही. रेडिएटरलाही गार करायला गार हवा मिळत नाही. २५-३० अंशात मोजलेला एचपी काटोल-सावनेरच्या मे महिन्यात तसाच्या तसा मिळणार नाही, कोणत्याही कंपनीचा असो. थंड देशासाठी बनलेल्या ट्रॅक्टरची काळजी वेगळी असते, तिथे उणे वीस अंशांत इंजिन चालू होणं महत्त्वाचं. आपल्याला रेडिएटर मोठा हवा आणि धूळ अडवणारा एअर फिल्टर चांगला हवा.

नेब्रास्काचा शेतकरी आणि नर्मदेकाठची बुधनी

आकड्यांची फसवणूक आजची नाही. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत नेब्रास्का राज्यात विल्मट क्रोझिअर नावाचा शेतकरी होता. त्याने ‘फोर्ड’ नावाचा ट्रॅक्टर घेतला. मोटारवाल्या हेन्री फोर्डचा तो नव्हताच. मिनियापोलिसच्या एका कंपनीने फोर्ड आडनावाचा माणूस हाताशी धरून नाव वापरलं होतं. ट्रॅक्टर भंगार निघाला. (हेन्री फोर्डला मग आपल्या ट्रॅक्टरचं नाव फोर्डसन ठेवावं लागलं ते यामुळेच.) क्रोझिअर पुढे आमदार झाला आणि १९१९ मध्ये त्याने कायदाच आणला. राज्यात कोणताही नवा ट्रॅक्टर विकायचा तर आधी विद्यापीठाने तो तपासला पाहिजे आणि कंपनी म्हणते तेवढी ताकद निघाली पाहिजे. पहिली चाचणी १९२० मध्ये झाली. आजही नेब्रास्काचे अहवाल जगभर वाचले जातात.

आपली नेब्रास्का आहे बुधनी. नागपूरहून भोपाळला जाणारी रेल्वे इटारसी, नर्मदापुरम मागे टाकून नर्मदा ओलांडते की बुधनी येतं. तिथे १९५५ पासून केंद्र सरकारची ट्रॅक्टर संस्था आहे. आधी प्रशिक्षण, मग चाचणी. देशात विकल्या जाणाऱ्या ट्रॅक्टरची मॉडेलं तिथे तपासली जातात आणि प्रत्येकाचा अहवाल निघतो. पीटीओवर प्रत्यक्ष किती एचपी मिळाले, तासाला किती डिझेल लागलं, हुकावर किती ओढलं, लिफ्टने किती उचललं, ब्रेक, आवाज, हादरे, सगळं. आपल्या कामाची गोष्ट म्हणजे पीटीओची ताकद साध्या तापमानात आणि चढ्या तापमानात अशी दोनदा मोजतात. चढं म्हणजे ४३ अंशांच्या आसपास. मे महिन्यातल्या नागपूरच्या जवळपास जाणारा आकडा तोच.

शोरूममध्ये हा अहवाल मागणारा शेतकरी विरळा. फायनान्सवाला व्याज सांगतो, सेल्समन टूलकिट आणि छत फुकट देतो, आणि बोलणं तिथेच संपतं. मागितला तर अहवाल दाखवायला हरकत नसावी. दाखवत नसतील तर दुसरं शोरूम फार लांब नसतं.

जी गोष्ट खरंच बाहेर जाते

आता ती जिवाची गोष्ट. ‘चांगला माल बाहेर जातो’ ही तक्रार इथे खरी ठरते.

अमेरिका-युरोपच्या कोणत्याही व्हिडिओत ड्रायव्हरच्या मागे लोखंडी कमान दिसते, नाहीतर मजबूत केबिन. ती कमान छत टांगायला किंवा दिवे लावायला नसते. ट्रॅक्टर उलटला तर त्याचं वजन ती कमान झेलते आणि सीटवर बसलेल्या माणसापुरती जागा राखते. तिला रोप्स म्हणतात. स्वीडनने १९५९ मध्येच नव्या ट्रॅक्टरला ती सक्तीची केली आणि तिथे ट्रॅक्टरखाली चिरडून मरणाऱ्यांची संख्या पडत गेली. अमेरिकेत १९७६ पासून मजूर चालवत असलेल्या ट्रॅक्टरला सक्ती आली आणि १९८५ पासून कंपन्यांनी नव्या ट्रॅक्टरवर ती आपणहून देणं सुरू केलं. भारतात विकल्या जाणाऱ्या ट्रॅक्टरवर ती सरसकट येत नाही. तेच ट्रॅक्टर निर्यातीला निघाले की त्यावर कमान चढते.

आपल्याकडे ट्रॅक्टर उलटतात कसे? एक, ट्रॉलीत जास्त माल भरून धुऱ्यावरून किंवा कालव्याच्या काठाने जाताना बाजूला. दुसरी तऱ्हा जास्त भयंकर. रामटेक-मौद्याकडे धानाच्या बांदीत किंवा हिंगण्याकडच्या काळ्या वावरात मागची चाकं रुततात. मग चाकापुढे लाकूड टाकायचं, साखळी बांधायची आणि पहिल्या गिअरमध्ये जोर लावायचा. चाक फिरू शकलं नाही की इंजिनाची ताकद चाकाऐवजी ट्रॅक्टरचं धड फिरवते. पुढची चाकं वर उचलली जातात आणि सेकंद-दीड सेकंदात ट्रॅक्टर मागे पालथा. क्लच दाबायला तेवढा वेळ पुरत नाही. साखळी मागच्या हुकाऐवजी वरच्या लिंकला किंवा धुरीला उंच बांधली असेल तर हे आणखी लवकर होतं.

म्हणून रुतलेला ट्रॅक्टर पुढे नाही, आधी मागे काढून बघायचा. चाकाला लाकूड बांधायचं नाही. ओढायचं ते खालच्या ड्रॉबारलाच. ट्रॉली जोडलेली असेल तर आधी सोडायची. आणि मडगार्डवर बसलेल्या पोरांना खाली उतरवायचं. परदेशात एका सीटवर एकच माणूस हा नियम आहे. आपल्याकडे मडगार्ड म्हणजे जादा दोन सीटा.

कमान नंतर बसवता येते का? कंपनीने त्या मॉडेलसाठी तपासून दिलेली असेल तर येते. गावच्या वेल्डिंग दुकानातून पाइप वाकवून केलेली छताची चौकट म्हणजे कमान नव्हे, वजन आलं की ती मोडते. आणि कमान असेल तर सीटबेल्ट लावायलाच हवा, नाहीतर माणूस बाहेर फेकला जातो आणि तीच कमान त्याच्या अंगावर येते. घडी घातलेली कमान असेल तर उलट, बेल्ट लावू नये. नवा ट्रॅक्टर घेताना हा पर्याय आहे का एवढं तरी विचारावं. विचारणारे वाढले तर येईल.

मोटारगाडीचंही तेच

गावात सेकंडहँड मोटारी बऱ्याच आल्या आहेत, त्यांचीही हीच तऱ्हा. पुण्याजवळ चाकणला फोक्सवॅगनची पोलो बनत होती. २०१४ च्या जानेवारीत ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतातल्या पाच लहान गाड्या ताशी ६४ किलोमीटरने आदळून बघितल्या. पाचही गाड्यांना मोठ्या माणसांच्या सुरक्षेत शून्य तारे. त्यात पोलोही होती. पण पोलोचा सांगाडा टिकला होता. मग दोन एअरबॅग असलेली पोलो आदळली, तर चार तारे. कारखाना तोच, पत्रा तोच, फरक दोन पिशव्यांचा. युरोपात त्या पिशव्या मुळातच यायच्या, इथे बिनएअरबॅगचं स्वस्त मॉडेलही विकलं जात होतं. निकालानंतर कंपनीने ते मॉडेल बंद केलं.

भारतात ड्रायव्हरची एअरबॅग २०१९ मध्ये सक्तीची झाली, शेजारच्या सीटची २०२१-२२ मध्ये. भारत एनकॅप हे आपलं स्वतःचं तपासणीचं मानांकन १ ऑक्टोबर २०२३ ला सुरू झालं. २०१५-१६ ची स्वस्त गाडी घेणाऱ्याने त्या गाडीच्या नावाचे तारे इंटरनेटवर बघून खूश होऊ नये. तारे कोणत्या देशातल्या, कोणत्या सालच्या आणि किती एअरबॅगच्या गाडीला मिळाले ते बघावं. स्टिअरिंगवर एअरबॅगची खूण आहे का, हे तर उभ्या-उभ्या दिसतं.

लांबीतही कायदाच बोलतो. चार मीटरच्या आतली, पेट्रोल १२०० सीसी किंवा डिझेल १५०० सीसीपर्यंतची गाडी आपल्याकडे लहान मानतात आणि तिला कर कमी. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा गाडीवर जीएसटी १८ टक्के आहे, त्यावरच्यांवर ४०. म्हणून डिझायर २०१२ मध्ये ४१६० मिलिमीटरवरून ३९९५ वर आली. डिकी कापली गेली ती कुणाला आवडली म्हणून नाही.

मायलेजचा आकडा तर सरळ परीक्षेवर ठरतो. आपल्या परीक्षेचं नाव एमआयडीसी आहे. हिंगण्याची नव्हे, गाडी रोलरवर ठराविक वेगाने चालवायची भारतीय पद्धत. त्यात गाडीचा वेग ताशी ९० च्या वर जात नाही. युरोपच्या नव्या परीक्षेत १३० पर्यंत जातो. तीच गाडी इथे लिटरला जास्त दाखवते, तिथे कमी. गाडी बदललेली नसते, पेपर बदललेला असतो.

‘नागपूर मेक’ चांगला का?

जुन्या ट्रॅक्टरच्या बाजारात अमुक कारखान्याचा माल चांगला, तमुकचा हलका, असं दलाल सांगतात आणि त्यावर पाच-दहा हजार चढवतात. एकाच मॉडेलला देशात मंजुरी एकच असते आणि कारखान्यातून निघालेला माल मंजूर नमुन्यासारखाच आहे का याची तपासणी होत राहते. फरक पडतो तो वेगळ्या कारणाने. त्याच नावाखाली कंपनी दर दोन-चार वर्षांनी पंप, टर्बो, गिअरबॉक्स, ब्रेक बदलते. नावापुढे प्लस, टर्बो, एक्सपी असं काही जोडते. दोन ‘५७५’ शेजारी उभे असले तरी आतून वेगळे असू शकतात. काटोल-नरखेडच्या संत्राबागेत चालणारा अरुंद मिनी आणि उमरेडकडे सोयाबीनमध्ये चालणारा मोठा, यांची तर तुलनाच नको.

त्यामुळे कारखान्यापेक्षा महिना आणि साल महत्त्वाचं. ते आरसीवर असतं. एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की उत्पादनाचं साल, सीसी, इंधन आणि धुराचा टप्पा दिसतो. मोटारगाडी असेल तर १७ अक्षरी चेसिस नंबरची सुरुवात बघा. एम-ए-१ म्हणजे महिंद्रा, एम-ए-३ म्हणजे मारुती, एम-ए-टी म्हणजे टाटा. जे किंवा डब्ल्यूने सुरू होणारा नंबर म्हणजे जपान किंवा जर्मनीत बनलेली गाडी, तिचे भाग नागपुरात मिळतील का हे आधी विचारावं.

ट्रॅक्टरचा चेसिस नंबर प्रत्येक कंपनीचा वेगळ्या पद्धतीचा असतो, तो डीलरकडून वाचून घ्यावा. इंजिनावर कोरलेला नंबर आरसीशी अंकनअंक जुळवावा. पंपाचं सील तुटलेलं असेल तर कुणीतरी डिझेल वाढवून एचपी चढवलेला असू शकतो. असा ट्रॅक्टर उन्हाळ्यात दुपारी बारा वाजता रोटावेटर लावून अर्धा तास चालवून घ्यावा, सकाळच्या गारव्यात अंगणात नव्हे. काळा धूर आणि तापमानाचा काटा दोन्ही तेव्हाच बोलतात.